सिलिंडरची खांदेमळणी

पाणबुड्याच्या सिलिंडरला तूप लावू नये. ही सूचना बहुधा कोणत्याच पुस्तकात छापलेली नसेल, कारण असा प्रकार करणारा माणूस जगात असू शकतो हे पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसणार. तो माणूस मी. नाव नारायणराव, मुक्काम मोताळा, मोजणी खात्यात तेहतीस वर्षं नोकरी, आता सेवानिवृत्त. लोकांची शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, भांडणं मी साखळी टाकून मिटवली आणि घरची अब्रू मात्र स्वतःच्या हाताने विहिरीत टाकली. हे मी अलंकारिक बोलत नाही.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या एक वर्ष आमच्याकडे बसतात आणि एक वर्ष अमडापूरला मनकर्णावहिनींकडे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, पण ही पाळी चुकलेली नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे पितळी मुखवटे माझ्या आजीच्या वेळचे. गेल्या वर्षी पाळी आमची होती. तिसऱ्या दिवशी मुखवटे उतरवायचे, निर्माल्य शेतातल्या विहिरीत सोडायचं, आणि आमच्या घरची पद्धत अशी की मुखवटेही विहिरीपर्यंत न्यायचे, पाण्याचा शिपका द्यायचा आणि परत आणायचे. आमच्या सौभाग्यवती सत्यभामाबाईंनी एकीत निर्माल्य, एकीत मुखवटे अशा दोन टोपल्या भरून दिल्या आणि बजावलं की दोन खेपा करा. दोन खेपांचं काम एका खेपेत करणं हा माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीचा बाणा. मी दोन्ही टोपल्या एकात केल्या.

विहिरीवर पोचल्यावर वर असलेली ज्येष्ठा काढून बाजूला ठेवली, नमस्कार केला आणि टोपली पालथी केली. डुबुक असा आवाज झाला. झेंडूच्या फुलांचा असा आवाज येत नाही. कनिष्ठा फुलांच्या खाली होती.

आता याच जागी शहाण्या माणसाने वहिनींना फोन करून खरं सांगितलं असतं. फोन झाला, पण वहिनींचाच आला, त्याच दिवशी. सगळं नीट पार पडलं ना, म्हणून विचारत होत्या. मी म्हणालो, पार पडलं, फक्त कनिष्ठेच्या गालावर डाग दिसतोय, खामगावला सराफाकडे टाकतो. इथेही थांबलो असतो तर निभावलं असतं. पण खोटं बोलायला लागलं की माणसाचं मन उदार होतं. मी पुढे म्हणालो की नुसता डाग कायले, चांदीचा मुलामाच देऊन घेतो, माझ्याकडून तुम्हाला भेट. मग वहिनी म्हणाल्या, "कायले एवढं, भाऊजी. मले काय करायची चांदी." आवाज मात्र वेगळाच होता. माझ्या भावाने उभ्या आयुष्यात बायकोला बियाण्याच्या थैलीवर फुकट मिळालेल्या घड्याळाखेरीज काही भेट दिली असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या अमडापूरला माहीत झालं की पुढल्या वर्षी मनकर्णाबाईच्या घरी चांदीची कनिष्ठा येणार. दिवाळीत गेलो तर गल्लीतल्या बायका मला पाहून डोक्यावरचा पदर नीट करू लागल्या. एवढा मान मला साहेब असतानाही मिळाला नव्हता.

पुढचे दहा-अकरा महिने मी काय काय केलं याची यादी देत नाही. गळ टाकला, त्याला एक बादली आणि कोणाचा तरी विळा लागला. ठिबकच्या सामानाचं दुकान असलेला आमचा शेजारी भागवत मोठं लोहचुंबक घेऊन आला. दोन तास विहिरीत ते फिरवल्यावर त्यालाच आठवलं की पितळ चुंबकाला चिकटत नाही. उन्हाळ्यात दोन मोटारी लावून विहीर उपसायला घेतली, तर झरे असे जिवंत की आम्ही दिवसभर उपसावं आणि वीज गेली की विहिरीने निवांत पुन्हा भरावं. ती विहीर वरून ऐसपैस आहे, पण तळाकडे दगडांनी आवळत गेलेली; त्यात दोन मोटारींचे पाइप, वायरी आणि दोरखंड. गावातला पट्टीचा पोहणारा एकदा बुडी मारून आला आणि म्हणाला की खाली माणसाचं काम नाही.

हे सगळं सत्यभामाबाईंनी एक दिवस अनुपमाला फोनवर सांगून टाकलं. अनुपमा माझी मुलगी. तिचा व्यवसाय काय, हा प्रश्न मोताळ्यात मला कोणी विचारला की मी म्हणत असे, पाण्याच्या खात्यात आहे. ऐकणारा जलसंपदा समजायचा आणि मी समजू द्यायचो. खरं असं की इंजिनीअर झालेली ही मुलगी चांगली नोकरी सोडून कोकण किनाऱ्यावर लोकांना सिलिंडर लावून समुद्राखाली जायला शिकवते. आमच्या समाजात मुलीच्या स्थळासाठी हे वाक्य कसं उच्चारायचं, सांगा. मला सहा वर्षांत जमलं नव्हतं.

ती पोळ्याच्या दोन दिवस आधी आली. स्वतःची छोटी गाडी चालवत, मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेली दोन सिलिंडरं. वाटेत तिला तीनदा अडवलं होतं. यात काय आहे, तर हवा. एवढ्या लांबून हवा कायले नेता, विदर्भात हवा नाही काय, असं एका नाक्यावरच्या शिपायाने विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी सोडली नाही. आमच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा दोघीजणी घरगुती गॅसचा नंबर लावायला धावत आल्या. भागवतचं म्हणणं पडलं की हवाच भरायची असेल तर बसस्टँडजवळचा पंक्चरवाला दोन मिनिटांत भरून देतो. मलाही ते पटलं होतं. अनुने समजावलं की ही गाळलेली कोरडी हवा आहे, दोनशे पट दाबून भरलेली, आणि ती भरणारं यंत्र इथून शेकडो कोसांत नाही. जेवढी आणली तेवढीच.

मग तिने ओसरीवर सतरंजी टाकून जोडणी सुरू केली आणि अर्धी गल्ली बघायला बसली. एरवी पाणबुड्यांची सिलिंडरं पाठीवर असतात. अनु म्हणाली की पाठीवर कुबड घेऊन त्या अरुंद विहिरीत उतरले तर वायरीत अडकेन. म्हणून हिची दोन्ही सिलिंडरं दोन बाजूंना, काखेखाली, अंगासरशी. प्रत्येक सिलिंडरच्या खालच्या भागाला पोलादी पट्टा, भागवतच्या दुकानात पाइपावर आवळायची क्लिप असते तसा, फक्त रुंद. त्या पट्ट्याला दोरी आणि हूक. तो हूक हिच्या कमरेच्या पट्ट्यात. वरचं टोक, म्हणजे सिलिंडरची मान, पाठीमागून काखेखालून आलेल्या जाड रबराच्या फासात. सगळं नीट बसलं की सिलिंडर अंगाला चिकटून राहतं, हलत नाही. दोन्हींची श्वासाची नळी वेगवेगळी. एक बिघडलं तरी दुसरं हाताशी. पट्टा किती उंचीवर यायला हवा हे ती बोटांनी मोजत होती, आवळत होती, पुन्हा सोडत होती. मी टेप आणून देऊ का म्हणालो. ती नको म्हणाली. हे तिच्या अंगाच्या मापाने ठरतं, टेपच्या नाही, असं तिचं म्हणणं. मोजणी खात्यातल्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं हे तिला कळलं नसावं.

गर्दीत पुंजाजी होते. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत, वय सत्तरीच्या पुढे, आणि तालुक्यात फार थोड्यांकडे उरलेली बैलजोडी त्यांच्याकडे. ते उकिडवे बसून कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी रबराचा फास बोटाने ओढून पाहिला आणि म्हणाले, "हे त जू हाय. ह्या सापत्या. बाई, यातला डावा कोणता?"

जुवाला बैलाची मान अडकवायची जी दोरी असते ती सापती. अनुने हसून डावं सिलिंडर दाखवलं. डाव्याची तोटी डावीकडे उघडते, उजव्याची उजवीकडे, अदलाबदल चालत नाही. पुंजाजींनी मान डोलावली. डाव्या बैलाले उजवीकडे जुपलं त तो बी चालत नाही, म्हणाले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले की पोरीनं जोडी बरोबर जुपली. मला त्या क्षणी बरं वाटलं. बरं वाटलं याचं थोडं वाईटही वाटलं, कारण सहा वर्षांत मी हिला हे कधी विचारलंच नव्हतं.

राहता राहिली परवानगी. विहीर माझी, मुलगी माझी, मुखवटा माझा, तरी कोणीतरी म्हणालं की खाली काही झालं तर केस होते, कागद करून ठेवा. आणि मी पडलो कागदाचा माणूस. ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवक म्हणाले, विहीर खोदायचा अर्ज आहे, बुजवायचा आहे, विहिरीत उतरण्याचा नमुना आमच्याकडे नाही. पोलिसांत गेलो तर तिथे अतिशय सौजन्याने सांगितलं की माणूस पडल्यावर ते येतात, उतरायच्या आधी यायची पद्धत नाही. शेवटी तलाठ्यांनी सातबारा काढला आणि चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं. सरकारी कागदाप्रमाणे ती विहीर माझी नव्हतीच. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोजणीत ती अकरा फूट सरकून पुंजाजींच्या गटात गेली होती. मोजणी करणाऱ्याची सही तलाठ्यांनी मला वाचून दाखवली नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत. मीही चहा न घेता निघालो.

पुंजाजींनी संमतीपत्रावर अंगठा नाही, चांगली वळणदार सही केली. अट एकच: पोळ्याच्या दिवशी उतरायचं. त्या दिवशी बैलांना काम नाही, मोटारी बंद, आणि देवीचं काम आहे तर सणाला व्हावं. अनुला चारच दिवसांची रजा होती, महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या होत्या. सगळ्यांना पटलं.

आता ती संध्याकाळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यांनी जू ओढलं ते गरम पाण्याने धुवायचे, तूप-हळद लावून चोळायचे आणि बैलांच्या कानात सांगायचं की आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. पुंजाजींच्या गोठ्यात मी हे बघायला गेलो होतो. आमच्याकडे बैल नाहीत. माझ्या वडिलांनंतर दावणीला काही उरलं नाही. पुंजाजी बैलाचे खांदे चोळत होते आणि बैल डोळे मिटून उभा होता. ते म्हणाले की नुसता बैल नाही, जू, सापत्या, जे जे ओझं वाहते ते सगळं आज मळायचं असते. उरलेलं तूप-हळद त्यांनी वाटीत घालून माझ्या हाती दिलं. घरी घेऊन जा, काही असन त्याले लावा.

घरी ओसरीवर सिलिंडरं उभी होती. अनु आईबरोबर भाजीला गेली होती. मी वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आता कोणाला हसायचं असेल तर हसावं, पण मला मुलीची माया आली. उद्या ही या दोघांच्या भरवशावर खाली जाणार, आणि मी बाप असून हिच्या कामाला आजवर बोट लावलेलं नाही. मी रबराच्या फासाला तूप लावलं, चांगलं जिरवून. मग पट्ट्यांना लावलं. पट्ट्याच्या आत जायला हवं म्हणून पेचकसाने पट्टा सैल केला, आतून बोट फिरवलं, आणि होता तिथेच पुन्हा आवळला. खुणेशी खूण जुळवून, रेषेत. माझं काम नीटनेटकं असतं. वरचं तूप फडक्याने पुसून काढलं. कान नसल्यामुळे आवतन कुठे सांगावं कळेना, म्हणून तोटीपाशी सांगितलं.

सकाळी विहिरीवर जत्रा जमली. सत्यभामाबाईंनी सिलिंडरांना हळदकुंकू वाहिलं, कोणी नारळ फोडला. अनुने काळा चिकट पोशाख चढवला तेव्हा मी आकाशाकडे पाहत होतो. मग ती जोडणी तपासू लागली. नळ्या, तोट्या, हूक, रबर. रबरावर तिचं बोट थांबलं. तिने बोट चोळून पाहिलं.

"बाबा, याले कोणी हात लावला काय?"

भागवत होता, ग्रामसेवक होते, भागवतच्या बायकोचा भाऊ मोबाइलवर चित्रण करत होता. तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी तेहतीस वर्षं लोकांना सांगत आलो की मोजणीच्या खुंट्यांना हात लावू नका. मी म्हणालो, "नाही."

हळदकुंकवाचं लागलं असन, असं सत्यभामाबाई म्हणाल्या. अनुने पट्टे ओढून पाहिले, ते हलले नाहीत. बापाने नाही म्हटल्यावर तिने आणखी विचारलं नाही.

ती उतरली. काठावरून फक्त बुडबुडे दिसत होते. भागवत ते मोजत होता आणि दर मिनिटाला आकडा जाहीर करत होता. कोणी म्हणालं, खाली नाग आहे. कोणी म्हणालं, नाग नाही, कासव आहे. अकरा मिनिटं झाली. मग बुडबुडे एकदम खूप आले, विहिरीच्या मध्यावरून नाही, कडेवरून, मोटारीच्या पाइपाकडून. मग थोडे. मग पुन्हा खूप. भागवतने मोजायचं थांबवलं. पुंजाजींनी कोणालाही न विचारता दोर खाली सोडला.

ती वर आली तेव्हा डावं सिलिंडर तिच्या अंगाला नव्हतं, नळीने मागे लोंबत होतं. तिने कडेचा दगड धरला, तोंडातली नळी काढली आणि जोरजोरात श्वास घेतला.

मी म्हणालो, "मुखवटा?"

एवढा एकच शब्द. तो मी बोललो, सर्वांनी ऐकला, भागवतच्या मेहुण्याच्या मोबाइलमध्येही तो आहे. अनुने वर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हातात होता, बाबा."

खाली काय झालं ते तिने नंतर काठावर बसून सांगितलं, आणि आईला सांगितलं, मला नाही. तळाला गाळात चाचपताना हाताला गाल लागला, मग नाक. तिने मुखवटा उचलला. त्याच वेळी डावं सिलिंडर पट्ट्यातून सरकलं, वरची मानही रबरातून सुटली, आणि ते फिरून मोटारीच्या वायरीत गेलं. ती त्याच सिलिंडरची हवा घेत होती. नळी ओढली गेली. उजवी नळी तोंडात घ्यायला आणि वायर सोडवायला दोन्ही हात लागले. मुखवटा सुटला. गाळ असा उठला की तिला स्वतःचा हात दिसेना. आता परत जाऊन उपयोग नाही, गाळ बसायला दोन दिवस लागतात, आणि ज्या जोडणीने एकदा दगा दिला ती घेऊन दुसऱ्यांदा उतरायचं नाही हा नियमच आहे. मी म्हणालो होतो, उजव्यात हवा उरली असेल ना. होय, हेही मी म्हणालो होतो.

लोक पोळ्याला पांगले. अनुने निसटलेला पट्टा हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"तूप?"

"खांदेमळणी होती काल," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. हसली असती तरी चाललं असतं. तिने पट्टा पाण्याने धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. "मी विचारलं होतं, बाबा," एवढंच म्हणाली. पुरणपोळीचं जेवण होतं. मी भूक नाही म्हणालो आणि कोणी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमडापूरला गेलो. गाडी अनुच चालवत होती. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या मनगटाला रुमाल बांधलेला. मी वाटभर मनाशी जबाब तयार करत होतो. पंचनाम्यासारखा: दिनांक, वेळ, टोपलीत काय होतं, खोटं कधी बोललो, विहिरीत कोण उतरलं, तूप कोणी लावलं. वहिनींच्या घरात महालक्ष्म्यांची जागा सारवून तयार होती. भिंतीला नवा रंग दिला होता. चांदी उठून दिसावी म्हणून निळा घेतला, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. मी उभ्यानेच जबाब दिला. सगळा, मधे न थांबता. मुलाम्याचं वाक्य आलं तेव्हा वहिनींनी पदराचं टोक हातात घेतलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

माझं बोलून संपलं. वहिनी अनुकडे वळल्या.

"तुले काही झालं त नाही ना, माय? हा रुमाल कायचा?"

अनु म्हणाली, काही नाही मोठीआई. वहिनींनी रुमाल सोडला. मनगट दगडावर घासून सोललं होतं, वरपर्यंत काळंनिळं झालं होतं, बोटं सुजली होती. कालपासून मी तिच्याबरोबर होतो, शेजारी बसून दोन तास आलो होतो, आणि रुमाल मला दिसलाही होता. तो कशाचा, हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं. मुखवटा ज्यांचा गेला त्यांनी आधी पोरगी पाहिली. मी बाप. मला त्या वेळी त्या निळ्या भिंतीत शिरावंसं वाटलं.

"दवाखान्यात नेलं काय हिले, भाऊजी?" वहिनींनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यांनीच चपला घातल्या आणि तिला घेऊन गेल्या. हाड मोडलं नव्हतं. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या की कनिष्ठा यंदा पाण्याच्या तांब्यावर काढू, त्यात काय एवढं. आणि बायकांना काय सांगायचं हे मी बघते, तुमचं नाव मधी नाही येऊ देत. अनु दुसऱ्या दिवशी पहाटे मोताळ्याहून निघाली. गाडीत बसताना तिने वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. मी म्हणालो, हाताला जप. ती हो म्हणाली.

महालक्ष्म्या बसल्या. ज्येष्ठा पितळी, आजीच्या वेळची, शांत. शेजारी कनिष्ठा, तांब्याला हळदीचा लेप देऊन वहिनींनी काजळाने काढलेले डोळे, त्यातला एक थोडा मोठा. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्यांचं, आंबील-कढीचं जेवण झालं आणि दुपारी बायका हळदकुंकवाला आल्या. त्या खरं तर चांदी बघायला आल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा निळ्या भिंतीपाशी जाऊन थांबत आणि मग एकमेकींकडे वळत. मी दाराशी पानाचं तबक घेऊन बसलो होतो.

शेजारच्या वच्छलाबाईंनी शेवटी विचारलंच की चांदीची कुठं आहे.

"मीच नको म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "आयत्या वेळी मनाले पटेना. भाऊजी बिचारे देऊनच राह्यले होते."

बायकांमध्ये कुजबुज झाली. मनकर्णाबाईचा हा स्वभावच, आलेली लक्ष्मी परतवते, असं कोणी तरी अर्धवट आवाजात म्हणालं. वहिनींनी ते ऐकलं आणि कुंकवाचा करंडा सत्यभामाबाईंकडे सरकवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते फार कष्टाचं पडतं, मला ते माहीत नव्हतं.

मी तबक खाली ठेवलं आणि उभा राहिलो.

"मुलामा कधी दिलाच नाही," मी म्हणालो. "मुखवटा मी विहिरीत पाडला. वर्षभर खोटं बोललो. माझी पोरगी उतरली होती काढाले. सिलिंडर लावून पाण्याखाली जाते ते, लोकाले शिकवते, हेच काम हाय तिचं. मुखवटा तिच्या हाती आला होता. तिच्या सिलिंडरले मी तूप लावलं म्हणून गेला. तिनं विचारलं होतं, तवाही मी नाही म्हटलं."

वहिनी खाली बघत होत्या. मग वच्छलाबाईंनी विचारलं की तूप घरचं होतं का विकतचं. घरचं, मी म्हणालो. त्यावर त्या हळहळल्या.

वहिनींनी मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. मी अनुला फोन लावला. लागला नाही, त्या वेळी ती कोणाला तरी घेऊन समुद्रात उतरलेली असते. संध्याकाळी तिचाच फोन आला, काय काम होतं म्हणून. एवढ्या बायकांपुढे जे बोललो ते फोनवर पुन्हा बोलायला गेलो, तर निघालं दुसरंच. मी विचारलं, हात कसा आहे. बरा आहे, म्हणाली.